नव्या भाताची पंगत

बोईसर, मंगळवार

प्रिय हेमांगी,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, मी धडधाकट आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याच वयाचा आहे, त्याला बोल लावून काय उपयोग? फोन करता आला असता. पण फोनवर मी बोलायला लागलो की त्याचं भाषण होतं, तू 'हं, हं' करत राहतेस आणि शेवटी 'ठेवते बाबा' म्हणतेस. कंपनीत जन्मभर शिफ्ट सांभाळली, माणसांना कामं सांगितली. समोरचा काय म्हणतो ते ऐकायचंही असतं, हे त्या नोकरीत कुणी शिकवलं नाही. कागदावर निदान मला माझंच बोलणं परत वाचून बघता येतं. आधी लिहिलेले कागद मी फाडून टाकले, कारण त्या सगळ्यांत मी शहाणा ठरत होतो.

तुझ्या काकांच्या केळव्याच्या वाडीतले चिकू मी तुला पाठवले होते, आठवतं? 'पुन्हा पाठवू नका' असं तू कळवलंस, तरी मी पुढच्या बहराला पुन्हा पेटी भरली. ती नाशिकहून परत आली. निम्मे चिकू फुटले होते, खालून रस गळत होता. कुरिअरवाला पोरगा दारात पेटी ठेवून म्हणाला, 'अंकल, मॅडम ने लेने से मना कर दिया।' मी त्या बिचाऱ्यावरच डाफरलो. मग ते चिकू शेजाऱ्यांना वाटताना सांगितलं, की हेमांगी गावाला गेली होती. म्हणजे खोटंही बोललो. मुलीने बापाचे चिकू परत केले, हे सांगायची लाज वाटली. तेव्हा वाटलेली लाज आणि आज वाटते ती लाज यांत फार फरक आहे, तो सांगण्यासाठीच हा खटाटोप.

शिरगाव रस्त्यावरच्या बालगृहाबद्दल बोलायचं आहे. पत्र इथेच घडी करून ठेवू नकोस. पुढे वाच.

तुझी आई गेल्यावर दर पौषात तिच्या तिथीला मी तिथे जेवण घालतो, हे तू पाहिलं आहेस. कैलास केटरर्सचा टेम्पो, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. भिंतीवर नलूचा फोटो, त्याला हार. मुलं रांगेने उभी राहून श्लोक म्हणायची, मग सगळी एका सुरात 'धन्यवाद आजोबा' म्हणायची, मग फोटो, मग पंगत. माझा त्या दिवशी ऊर भरून यायचा. वाटायचं, नलू, बघ, तुझ्या नावाने एवढी तोंडं गोड झाली. पहिली दोन वर्षं तू आलीस. दुसऱ्या वर्षी घरी परत आल्यावर तू चप्पलसुद्धा न काढता म्हणालीस, 'बाबा, त्या मुलांना पुन्हा आईच्या फोटोपुढे उभं करू नका. आईला हे नको होतं.' मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, 'तू कुणाला मूठभर तांदूळ तरी दिलेस का कधी?' संध्याकाळच्या एस.टी.ने तू नाशिकला गेलीस. तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे गुडघा, हवा आणि गॅसचा नंबर लागला का, एवढंच.

मी लोकांना सांगायचो, की हल्लीच्या मुलांना दानधर्माचं काही नाही. पडलो तरी नाक वर, तसला माझा प्रकार.

गेल्या दोन वर्षांत त्या बालगृहात पुष्कळ बदल झाला. सुजीत नावाचा नवा अधीक्षक आलाय, तुझ्याहूनही लहान असेल. त्याच्या लक्षात आलं, की इथे दिवाळीत आणि लोकांच्या वाढदिवसांना मुलांचं पोट बिघडेपर्यंत खाणं येतं. एकाच दिवशी दोन-दोन केक. आणि आषाढ-श्रावणात कुणी फिरकत नाही, तेव्हा खिचडी, परत खिचडी. त्याने मागची पडीक जमीन साफ करून घेतली. मुलांना एकेक वाफा दिला. शाळेच्या आधी थोडं, शाळेनंतर थोडं, ज्याला जमेल तसं. वांगी, मिरची, मुळा, माठ. खालच्या खोलगट तुकड्यात भात, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. सातपाटीहून सुक्या मासळीचा भुगा आणून खत म्हणून घातला. त्या दिवसांत मी एकदा गेलो होतो, तर नाकाला रुमाल लावून फाटकातूनच परतलो. शिरगावला समुद्रावर जाणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या रविवारी फाटकापाशी थांबायला लागल्या, पोरं तिथे जुड्या बांधून विकायला लागली. भाजीचा प्रश्न मिटला, थोडं तेल-मीठही त्यातून यायला लागलं.

मी काय केलं असेल? मी सुजीतला सल्ला दिला. म्हटलं, मुलांना अभ्यास करू दे, भाजी काय, बोईसरच्या बाजारात ढिगाने मिळते, लागेल तेव्हा मला सांगत जा. तो हसून म्हणाला, 'काका, तेच तर सांगायचं नाहीये आम्हाला.' मला ते लागलं. का लागलं, ते तेव्हा कळलं नाही. उद्धट वाटला पोरगा.

मग या वर्षीच्या तिथीच्या आधी त्याचा फोन आला. त्यांचा पहिला भात कांडून आला होता, पण वाल भरेपर्यंत त्यांनी तो मुद्दाम ठेवला होता. तिथली स्वयंपाकीण रंभाबाई विक्रमगडकडची. तिच्या गावाकडे शेतातला पहिला तांदूळ म्हणजे 'नवं'. ज्यांनी लावला त्यांनी तो एकत्र बसून, ताजा रांधून खायचा, पाहुण्याला वाढून खायचा. मुलांनी ठरवलं होतं, की हे नवं आजींच्या तिथीला करायचं आणि आजोबांना जेवायला बोलवायचं. सुजीत म्हणाला, 'काका, तुम्ही फक्त या. काहीही आणू नका. खरंच नको.'

आता इथे तुझ्या बापाचं डोकं कसं चाललं ते बघ. आपल्याकडे 'नको' कुणी खरं धरतं का? पंगतीत 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात दोन जिलब्या जास्त पडतात. ताटावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून वरण सोडणारी माणसं आपण. आग्रह केला नाही तर पाहुणा घरी जाऊन नाव ठेवतो. मी मनात म्हटलं, पोरगा संकोचतोय, बिचाऱ्यांची कसली शेती आणि कसलं नवं, शास्त्रापुरता घासभर भात असेल. मी कैलासला नेहमीचंच सांगितलं, आणि वर जिलबीही सांगितली. त्यांनी नको म्हटलं ना, मग आपण चार पदार्थ जास्तच न्यायचे. मोठेपणाची सवय, दुसरं काय!

टेम्पो फाटकातून आत गेला तेव्हा दाराला भाताच्या लोंब्यांचं तोरण होतं. मी ते पाहिलं आणि छान म्हटलं. पडवीत केळीची पानं मांडून झाली होती. अगदी वरच्या टोकाच्या पानाभोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी होती, समोर पाट होता. ते पान माझं होतं, हेमा. मला वाटलं फोटोसाठी केलंय. मी कैलासच्या माणसांना हाका मारल्या, डबे आत घ्या, पुऱ्या आधी, पुऱ्या गार होतील. सुजीत पुढे आला, म्हणाला, 'काका, आज मुलांनी...' मी त्याच्या पाठीवर थाप मारली, 'अरे, लाजतोस काय!' त्याने एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा मुलांकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. केटररची माणसं उभी, पाहुणा म्हातारा, मेलेल्या बाईची तिथी. चांगल्या घरचा मुलगा अशा वेळी काय बोलणार? त्याच्या सभ्यतेचाही मी फायदाच घेतला.

मुलांनी रंभाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि ती आत गेली. मग मुलं उठली आणि कुणी न सांगता रांगेत उभी राहिली. त्यांना माहीत होतं कसं उभं राहायचं. श्लोक झाला, 'धन्यवाद आजोबा' झालं. त्या सुरात काही वेगळं नव्हतं, नेहमीसारखाच होता, आणि आता वाटतं की तो दर वर्षी तसाच असणार.

मी स्वतः वाढायला घेतलं. श्रीखंडाचं पातेलं डाव्या हातात, पळी उजव्या हातात. मेघाली नावाची एक मुलगी आहे, सातवीत असेल. सुजीतने मागे एकदा तिचा वाफा दाखवला होता, वाल तिचे होते. मी तिच्यापाशी गेलो तर ती हळू म्हणाली, 'नको आजोबा.' मी म्हटलं, 'असं कसं, आजीच्या नावाचं आहे,' आणि वरून पळी सोडली. तिने पान थोडं सरकवलं, आणि माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली, आणि खायला लागली. भराभर. संपवून टाकायचं म्हणून खातात तशी.

हेमा, ती पाठ मी ओळखली.

तुझी आई जन्मभर तशीच जेवली. स्वयंपाकघरात, सगळ्यांचं झाल्यावर, दाराकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. मी तिला चिडवायचो, 'नलू, भिंतीला नैवेद्य दाखवतेस का गं?' ती हसायची आणि वळायची नाही. लग्नाकार्यात श्रीखंडाला नको म्हणायची. मी शेजारी असलो, की वाढप्याला खुणेने सांगायचो, घाल रे, लाजते ती. मग ती ते संपवायची. भराभर. आणि मी भोवतीच्या लोकांना सांगायचो, अनाथाश्रमात वाढलेली मुलगी केली मी, माझ्या आईचा विरोध होता, पण केली. कंपनीच्या स्नेहसंमेलनातसुद्धा माईक हातात आल्यावर सांगितलं. ती पुढच्या रांगेत होती, पदर नीट करत होती. आपण हिला आश्रमातून बाहेर काढलं, एवढ्याच कौतुकात मी होतो. कुणाकुणाच्या तिथीला, कुणाच्या फोटोपुढे, किती श्रीखंड तिने उभं राहून, हात जोडून घेतलं असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. तुला तिने सांगितलं होतं ना? म्हणून तू चप्पल न काढता बोललीस. तिने मला का सांगितलं नाही हेही मी स्वतःला विचारून पाहिलं. सांगितलं असतं तरी मी आग्रहच केला असता.

पळी हातात घेऊन मी किती वेळ तिथे उभा होतो कुणास ठाऊक. कैलासचा माणूस म्हणाला, काका, पुढे चला, लाइन थांबली. मी पातेलं त्याच्याकडे दिलं आणि आत गेलो. हात धुवायचं निमित्त केलं.

रंभाबाई चुलीपाशी बसली होती. समोर झाकलेली दोन मोठी पातेली. मी झाकण उचललं. लालसर, जाड दाण्याचा भात, अजून वाफ येत होती. दुसऱ्यात ओल्या वालाची भाजी, वर खोबरं. परातीत वांग्याचं भरीत, मुळ्याच्या चकत्या, मीठ-मिरचीचा ठेचा. घासभर नव्हतं, भरपूर होतं. सगळ्यांना पुरून उरेल एवढं. रंभाबाई मला म्हणाली, 'पोरींनी सकाळपासून शेंगा सोलल्या, काका. आता खातील संध्याकाळी, गार झालं म्हणजे. पन नवं असं शिळं नाय खात कोन.' आवाज चढला नव्हता तिचा. मी म्हटलं, रंभाबाई, मला दोन घास वाढा, मी हेच जेवतो. खरं सांगतो, मला वाटलं तेवढ्याने ते निस्तरेल. तिने माझ्या हातातून झाकण घेतलं आणि पातेल्यावर ठेवलं. म्हणाली, 'आता नाय, काका. पोरं वाढनार व्हती तुमाला. त्यांची पंगत हाय ती. मी कोन वाढनारी?'

एवढ्या वयात मला पहिल्यांदा कुणीतरी असं नाही म्हटलं, की ज्याच्यावर आग्रह चालत नाही. आणि मला ते पटलं, हेच जास्त लागलं. नलूच्या तिथीला नलूच्याच सारख्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं रांधलं होतं, कुणालातरी वाढणार होती ती. आणि मी त्यांना परत हात जोडून रांगेत उभं केलं. सुजीतचं ते बोलणं मला लागलं होतं, ते याचसाठी. त्यांना काही लागेनासं झालं तर मी कोण, हा प्रश्न होता. त्यांनी गरीब राहावं, म्हणजे मी उदार राहीन. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. मी फोटोसुद्धा न काढता निघालो. मुलं दारापर्यंत सोडायला आली, कारण त्यांना तसं शिकवलं आहे.

घरी आल्यावर मी वरण-भात लावला. ताट घेऊन स्वयंपाकघरात तिच्या जागेवर बसलो, दाराकडे पाठ करून. मला बघायचं होतं तिला काय दिसायचं. काही दिसत नाही, हेमा. भिंत आहे, एक जुना खिळा आहे. पण पाठीमागे कुणी नाही, तुमच्या घासाकडे कुणी बघत नाही, कुणाला काही वाटावं म्हणून जेवायचं नाही. तेवढंच हवं असेल तिला. आणि तिथेसुद्धा मी मागून चिडवायचो. मला जेवण गेलं नाही. ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुजीतला फोन केला, की भिंतीवरचा नलूचा फोटो आणि त्याखालची तिच्या नावाची पाटी काढून ठेव, मी घेऊन जाईन. त्याने कारण विचारलं नाही. माफी मागायला गेलो असतो, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. माफी मागायला जाताना मी पेढ्यांचा पुडा नेला असता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. परवा सुजीतच्या फोनवरून मेघालीचा फोन आला. मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच ती पाठ केल्यासारखं म्हणाली, 'आजोबा, वालाला परत शेंगा आल्यात. रविवारी आमच्याकडं जेवायला या. आमी वाढनार हाय. काय पन आणू नका.' जरा थांबून म्हणाली, 'नको म्हंजे नकोच हां.' त्या पोरीने मला परत बोलावलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मी विचारलं, माझ्या मुलीला आणू का गं? तिने तिकडे कुणालातरी विचारलं, आणि सांगितलं, आणा, वाल पुरतील. तेव्हा रविवारी तिथे दोन पानं मांडली जाणार आहेत, आणि मला एकट्याला त्या पानावर बसायची लाज वाटते. जन्मभर वाढत आलो, कुणाकडून वाढून कसं घ्यायचं ते मला येत नाही. ते तुझ्या आईला येत होतं, आणि तुला येतं. सकाळची नाशिक-पालघर एस.टी. धरलीस तर जेवायच्या वेळेला पोचशील. मी स्टँडवर उभा असेन, हातात पिशवीसुद्धा नसेल. आणि नको वाटलं तर तसं एका शब्दात कळव. मी पुन्हा विचारणार नाही, काकांकरवी निरोप धाडणार नाही, चिकू पाठवणार नाही. या वेळी तुझं 'नको' मी नकोच समजेन.

वाट बघणारा, पण आग्रह न करणारा,
तुझाच
बाबा